आधी आवाज, मग कपाट

वाचकाचं पत्र: "आजी जाऊन दीड महिना झाला. ती आईची आई. आजी-आजोबा पहिल्यापासून आमच्याच घरी, त्यामुळे मी तिच्याच हाताखाली वाढले. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं आईने केलं. आता आई रोज म्हणते, खोली आवरून टाकू. आजोबा त्याच खोलीत बसून असतात, कशाला हात लावू देत नाहीत. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पणजी परत कधी येणार, हे रोज विचारते. ऑफिसात मी साध्या साध्या गोष्टी विसरते. लोक विचारतात, 'वय काय होतं?' आणि पंच्याऐंशी म्हटलं की समजल्यासारखी मान हलवतात. परवा कशावर तरी खूप हसले आणि लगेच अपराधी वाटलं. रात्री तिचा आवाज आठवून पाहिला, तर आठवेना. घाबरले. घरात नेमकं काय करू, कुठून सुरुवात करू?"

प्रिय वाचक,

वयाच्या प्रश्नाचं आधी बोलू, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त एकटं पाडतोय. पंच्याऐंशी वर्षांचं आयुष्य भरभरून जगून झालं हे खरं, आणि तुम्हाला लहानाचं मोठं करणारं माणूस गेलं हेही तितकंच खरं. पहिल्या गोष्टीने दुसरी हलकी होत नाही. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक मोजतच नाहीत, अशा दुःखाचा अभ्यास अमेरिकेतल्या केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडला, आणि नातवंडांचं दुःख अगदी त्यात बसणारं आहे. मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्याकडे चौकशी होते. नात मात्र दोन दिवसांत कामावर हजर असायला हवी असं धरलं जातं. तेव्हा ऑफिसात तुमच्या वरिष्ठांना एक सरळ वाक्य सांगून ठेवा: "मला आजीने वाढवलं, ती दीड महिन्यापूर्वी वारली, पुढचे काही आठवडे मला सूचना लेखी मिळाल्या तर बरं होईल." कारण सांगितलंत आणि मदत काय हवी तेही सांगितलंत, की समोरच्याला वागणं सोपं जातं.

आता घर. तुम्ही, आई आणि आजोबा तिघंही खोलीवरून भांडताय, पण खोली पळून जात नाही. पळून जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या सध्या कोणीच बघत नाहीये. म्हणून कामं या क्रमाने लावा: जे आपोआप विरतं किंवा पुसलं जातं ते या आठवड्यात, जे धोक्याचं आहे तेही या आठवड्यात, आणि जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. वस्तू देऊन टाकणं, कपडे कापणं, पलंग मोडीत काढणं, खोलीला नवा रंग देणं ही सगळी शेवटची कामं.

सगळ्यात आधी आवाज. तो आठवेना म्हणून घाबरू नका. आठवायचा प्रयत्न ताण देऊन केला की तो येत नाही, आणि नंतर भांडी घासताना अचानक कानात घुमतो. पण आठवणीवर विसंबूनही राहू नका. आजींचा फोन बंद करून कपाटात ठेवला असेल तर आजच बाहेर काढून चार्ज करा. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसलं तर साधारणपणे ते काढून टाकलं जातं. फोनमध्ये साठलेले संदेश ॲप असेपर्यंत तिथे राहतात, पण ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन रीसेट केला किंवा तो बिघडला की गेले. फोनचा पासवर्ड माहीत नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही फोन ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर कायमचे लॉक होतात आणि तशी सेटिंग असली तर स्वतःहून रिकामेही होतात.

फोन उघडलाच नाही तरी फारसं बिघडत नाही, कारण आजींनी पाठवलेले व्हॉइस मेसेज ज्यांना पाठवले त्यांच्या फोनमध्ये आहेत. मावश्या, मामा, भावंडं, शेजारच्या मैत्रिणी, सगळ्यांना एकच निरोप पाठवा: आजीचा आवाज असलेलं जे काही असेल ते मला पाठवा, कितीही किरकोळ असो. किरकोळ हा शब्द मुद्दाम घाला. नाहीतर लोक फक्त वाढदिवसाचे व्हिडिओ पाठवतात आणि "पोचलीस का गं, फोन कर" हा सहा सेकंदांचा मेसेज, जो तुम्हाला खरा हवा आहे, तो राहून जातो. दुसऱ्याच कोणाचं चित्रीकरण चालू असताना मागे तिचं बोलणं ऐकू येतं, असे व्हिडिओही मागा. मेसेजला स्टार केला म्हणजे तो जपला असं होत नाही. तो फोनच्या बाहेर काढावा लागतो. त्या चॅटमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' निवडून मीडियासकट स्वतःला ईमेल करा किंवा ड्राइव्हवर टाका, मग संगणकावर उतरवून प्रत्येक फाइल एकदा उघडून ऐका. व्हॉइस मेसेज बहुधा ओपस या प्रकारात असतात आणि काही संगणकांवर ते नुसतं क्लिक करून वाजत नाहीत. मूळ फाइल तशीच ठेवा आणि शेजारी तिची एमपीथ्री प्रत करून ठेवा. नाव देताना तारीख आणि कोणाला पाठवला ते लिहा. तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर, म्हणजे मावशीकडे किंवा क्लाउडवर. एका पेन ड्राइव्हवर सगळं ठेवून निर्धास्त झालेल्या घरांतच बहुतेक वेळा सगळं गमावलं जातं.

सिमकार्ड एवढ्यात बंद करू नका. बँका आणि इतर खाती त्याच नंबरला जोडलेली असतात, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. तुम्ही सवयीने कधी तो लावलात आणि परक्या माणसाने उचलला, तर तो धक्का फार वाईट असतो. सगळी खाती रीतसर मिटेपर्यंत नंबर चालू ठेवा. मात्र त्या फोनवर येणारे ओटीपी वापरून आजींच्या खात्यातून पैसे काढू नका, पैसे घरच्याच कामाचे असले तरीही. मृत्यूनंतर खातं चालवायचा अधिकार नातेवाइकांकडे आपोआप येत नाही. बँकेला कळवून, वारसाची कागदपत्रं देऊन ते काम करायचं. तिचं गूगल खातं असेल आणि त्यात फोटो असतील तर तेही वेळेत उतरवून घ्या. सलग दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं. फोन पुढे आठवण म्हणून ठेवायचा असेल तर बॅटरी अर्धी भरून बंद करा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अर्धी भरा. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडलेली बॅटरी खराब होते, कधी फुगते.

औषधांचा डबाही याच आठवड्यात. फेकण्याआधी सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा एका कागदावर उतरवा, आणि आजींना कुठला आजार कितव्या वर्षी निघाला तेही लिहा. आईच्या आणि तुमच्या डॉक्टरांना हा कागद पुढची अनेक वर्षं उपयोगी पडेल. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांत घरातला इतिहास आणि त्या वेळचं वय विचारलं जातं. मग औषधं जवळच्या औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत घेतात का ते विचारा. घेत नसतील तर गोळ्या पाकिटातून काढा, ओल्या मातीत किंवा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात कालवा आणि घट्ट बंद पिशवीतून टाका, म्हणजे मुलाच्या किंवा जनावराच्या तोंडी लागत नाहीत. शेवटच्या आजारात वेदनेसाठी मॉर्फिनसारखं औषध किंवा त्वचेवर लावायच्या फेंटानिलच्या पट्ट्या दिल्या असतील, तर त्या एक दिवसही घरात ठेवू नका. वापरून काढलेल्या पट्टीतही लहान मुलाच्या जिवावर बेतेल इतकं औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत येईल अशी ती दुमडा, आणि ही औषधं कशी नष्ट करायची ते ज्यांनी लिहून दिली त्या दवाखान्यालाच विचारा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भरून, झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात द्या. इन्हेलरला भोक पाडायचं नाही, आगीत टाकायचा नाही.

भाड्याने आणलेला पलंग, ऑक्सिजनचं यंत्र, चाकांची खुर्ची हे परत करावंच लागेल. ते न्यायला माणसं येतील त्या दिवशी आई एकटी घरी नसावी, एवढं बघा. कपाट रिकामं करताना न रडलेली माणसं रिकाम्या झालेल्या त्या चौकोनाकडे बघून कोसळतात. तिथे त्याच दिवशी काहीतरी ठेवा, खुर्ची असो की टेबल.

आता आईबद्दल. आई निष्ठुर झालेली नाही. काही माणसं दुःख रडून, बोलून काढतात आणि काही हातांनी, काम करून. खोली आवरायची घाई ही तिची रीत असू शकते. त्यात दोन वर्षं तिच्या दिवसाला आजींच्या औषधांच्या वेळांचा कणा होता. पहाटेचा डोस, कूस बदलणं, आंघोळ, दुपारचं खाणं, रात्री दोनदा उठणं. तो कणाच निघाला. शिवाय सुटल्याची भावनाही असते, आणि ती बोलून दाखवायची सोय नसते. तुम्हीच एकदा म्हणा, "आई, तू थकली होतीस, सुटल्यासारखं वाटत असेल तर त्यात गैर काही नाही." बहुतेक आया हे वाक्य कोणीतरी म्हणेल याची वाट बघत असतात. तिच्या फोनमधले औषधांचे अलार्म तिला विचारून बंद करा. आणि ज्या वेळा रिकाम्या झाल्या त्यातल्या निदान दोन भरा: पहाटेला चालायला जाणं, दुपारी दोन तास झोप. दोन वर्षं टाळलेली स्वतःची तपासणी, दात, डोळे, रक्त, याच महिन्यात करून घ्यायला लावा. शुश्रूषा करणाऱ्या माणसाचं स्वतःचं दुखणं जवळजवळ नेहमीच मागे पडलेलं असतं.

आजोबांकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. पती किंवा पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. कारणं घरगुती असतात: जेवण कमी होतं, पाणी कमी होतं, झोप विस्कटते, गोळ्या चुकतात. त्यांच्या गोळ्या आजी आजारी पडायच्या आधी तीच देत होती का, आणि नंतर कोण देत होतं, ते तपासा. सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेला सात दिवसांचा डबा आणा आणि आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः भरा. दर दोन आठवड्यांनी सकाळी, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत वजन घ्या आणि लिहून ठेवा. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे साठ किलोच्या माणसात तीन किलो, झाली तर "दुःखाने खात नाहीत" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. "भूक आहे का?" हे विचारू नका, उत्तर नाही असंच येतं. ताट वाढून शेजारी बसा.

ते आजींशी बोलत असतील, ती खोलीत आहे असं म्हणत असतील, तर वाद घालू नका. वेल्समधल्या डॉक्टर रीस यांनी १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून लिहिलं, की त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या माणसाची चाहूल कधी ना कधी लागली होती, आणि बहुतेकांनी हे कोणाला सांगितलंही नव्हतं. यात वेड नाही. डॉक्टरकडे न्यायची लक्षणं वेगळी आहेत: दिवस-रात्र कळेनाशी होणं, एक-दोन दिवसांत अचानक गोंधळणं, घरची माणसं न ओळखणं, चालताना तोल जाणं. म्हाताऱ्या माणसात हे लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी झाल्यानेही होतं आणि उपचाराने उतरतं. छातीत दुखलं, दम लागला तर घरातल्या कोणीही "मनाचं आहे" असं म्हणून थांबू नये. तीव्र दुःखाच्या काळात हृदयावर खरोखर ताण येतो. जपानमध्ये १९९० च्या सुमारास ताकोत्सुबो या नावाने वर्णन झालेला विकार तर अशाच धक्क्यानंतर होतो आणि सुरुवातीला हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. घरी बसून दोन्हींतला फरक कळत नाही.

आजोबांसाठी एक काम आहे, आणि ते तुमच्यासाठीही सगळ्यात मोलाचं आहे. जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारे ते आता घरात एकटेच उरलेत. दर दोन दिवसांनी अर्धा तास बसा, एका वेळी आठ-दहा फोटो, जास्त नको. ते दमतात आणि मग टाळायला लागतात. तुमचा फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. घडी केलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा. टेबलाची थरथर आणि पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. "आजीबद्दल काही सांगा" असं विचारलंत तर दोन वाक्यांत संपतं. फोटो हातात देऊन विचारा: डावीकडची कोण? ही पिशवी कोणी शिवली? या दिवशी जेवायला कोण कोण होतं? ते गप्प झाले तरी रेकॉर्डिंग थांबवू नका. त्या शांततेनंतर जे येतं तेच बहुधा तुम्ही कधी ऐकलेलं नसतं.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही; तिथे नावं कागदी पाकिटावर लिहा आणि शाई वाळल्यावरच फोटो आत घाला. साध्या आकाराचे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, अगदी छोटे पासपोर्टसारखे १२०० वर. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला बारीक दोरा एका कोपऱ्यातून आत घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. अडला तर थांबा आणि पानासकट स्कॅन करा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा, सोलायला गेलात तर चेहरा काचेवर राहतो. भिंतीवर लावायला नवी प्रत काढा आणि मूळ फोटो अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. उन्हाची तिरीप रोज तासभर येते अशा भिंतीवर रंगीत फोटो काही वर्षांत फिका पडतो. प्लास्टिकची जी पाकिटं उघडताच उग्र वास येतो, ती टाळा; त्यांच्यातून निघणारी द्रव्यं फोटोला खातात.

आजींच्या कपड्यांचा वास ही आणखी एक विरणारी गोष्ट. आईने धुवायला टाकण्याआधी तिने शेवटी वापरलेला एक मऊ सुती कपडा बाजूला काढा. तो ओलसर नाही याची खात्री करा, नाहीतर बुरशी धरेल. घट्ट झाकणाच्या काचेच्या स्वच्छ बरणीत ठेवा, प्लास्टिकला स्वतःचा वास असतो. डांबरगोळी किंवा अत्तर जवळपासही नको, तिचा वास त्याखाली दबून जाईल. प्रत्येक वेळी बरणी उघडली की थोडा वास हवेत जातो, तेव्हा रोज उघडू नका, आणि तो कायमचा टिकेल असंही धरून चालू नका. न धुतलेला कपडा फक्त हा एकच. बाकी सगळे धुऊन ठेवा, कारण घामाचे आणि खाण्याचे न दिसणारे डाग पुढे पिवळे पडतात आणि त्यांच्या ओढीने कसर लागते. लोकरीच्या किंवा रेशमी कपड्यात कीड दिसली तर तो कोरडा असताना पिशवीत घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार कपड्यावर हवेतलं पाणी धरतं. जपायचे कपडे जुन्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि दर सहा महिन्यांनी घडी वेगळ्या जागी मोडा. कापड घडीवरच विरतं.

कपड्यांची गोधडी शिवायची कल्पना कोणीतरी काढेलच. छान आहे, पण या वर्षी नको. कात्री लागलेला कपडा परत येत नाही. पुढे करायचं ठरलं तर आधी प्रत्येक कपड्याचा अखंड फोटो काढा. तुकडे पाठीच्या आणि खालच्या घेराच्या भागातून घ्या. काखेतलं, खांद्यावरचं कापड वरून चांगलं दिसलं तरी झिजलेलं असतं आणि दोन धुण्यांत फाटतं. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा, आणि सगळे तुकडे शिवण्याआधी एकदा धुवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

तिच्या हाताची चव ही पण जपता येते, वस्तूंपेक्षा जास्त काळ. तिची नेहमीची वाटी कुणाला देऊन टाकण्याआधी रिकामी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, आणि ती भरायची तिथपर्यंत पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. हा आकडा लिहून ठेवलात की वाटी फुटली तरी माप उरतं. चिमूट मोजायची असेल तर तिच्याकडून शिकलेल्या आईला कागदावर दहा चिमटी टाकायला सांगा, एकत्र वजन करून दहाने भागा. एका चिमटीचं वजन घरच्या काट्यावर नीट दिसत नाही. आणि आई स्वयंपाक करत असताना कृती विचारू नका, बघून लिहा: आच किती, कुठला वास आल्यावर पुढचं घातलं, झाकण कधी. कृतीत सगळं असूनही चव जमली नाही, तर भांड्याची जाडी आणि आच या दोन गोष्टी आधी तपासा. तिची जाड बुडाची कढई सोडून पातळ भांडं घेतलं की वेळ बदलते.

एवढं झाल्यावर खोली. आजोबांना विचारल्याशिवाय काहीही हलवायचं नाही, आणि आईला सहा महिने थांब असंही म्हणायचं नाही. दोघांच्या मधला रस्ता असा: आधी खोलीचे फोटो चारही कोपऱ्यांतून काढा, मग प्रत्येक कपाट आणि खण उघडून, जसे आहेत तसे. ते फोटो हाताशी आहेत म्हटल्यावर आजोबांचा हात थोडा सैल सुटतो. मग सगळ्यात कमी आठवणींच्या जागेपासून सुरू करा: न्हाणीघरातलं फडताळ, जुने कागद, चादरी. एका वेळी एकच खण, तासाभरापेक्षा जास्त नाही, आणि नेहमी दोन माणसांनी. तीन खोकी ठेवा: ठेवायचं, द्यायचं, ठरलं नाही. ज्या वस्तूवर दोघांचं जमत नाही ती वाद न घालता तिसऱ्यात. त्यावर तारीख घालून चिकटपट्टी लावा आणि सहा महिन्यांनी उघडा. हे तिसरं खोकं नसल्यामुळेच घरांत भांडणं होतात. पत्रं, डायऱ्या सापडल्या तर वाचायला बसू नका, बाजूला ठेवा. एक पत्र उघडलं की तो दिवस तिथेच संपतो. काहीही देण्याआधी खिसे, पर्सचे आतले कप्पे, पुस्तकांची पानं, डब्यांचे तळ, घड्या केलेल्या कपड्यांचे पदर बघा. म्हाताऱ्या बायका पैसे, कागद, एखादा दागिना अशाच जागी ठेवतात. आजोबांची रोजची खुर्ची आणि तिच्यावरून दिसणारी भिंत मात्र ते स्वतः म्हणेपर्यंत जशीच्या तशी.

मुलीचा प्रश्न ती रोज विचारतेय, कारण पाच ते सातच्या वयात मेलेलं माणूस परत येत नाही ही गोष्ट हळूहळू बसत असते. दर वेळी तेच, तितकंच छोटं उत्तर द्या: "पणजी वारली. तिचं शरीर काम करायचं थांबलं. ती परत येणार नाही. तिला आता दुखत नाही." झोपली म्हणालात तर ती झोपायला घाबरेल, लांब गेली म्हणालात तर तुम्ही बाहेर पडताना रडेल, नुसतं आजारी होती म्हणालात तर पुढच्या तापात स्वतःसाठी घाबरेल, म्हणून "खूप मोठा आजार होता, सर्दी-तापासारखा नाही" हे जोडा. दोन मिनिटं रडून ती खेळायला पळेल. मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्याने येतं, तिला काही वाटत नाही असा अर्थ काढू नका. तिच्यासमोर रडू आलं तर लपवू नका, कारण सांगा. पणजीची एक वस्तू तिला स्वतः निवडू द्या, आणि तिने बटणांचा डबा निवडला तर बटणांचाच द्या. शाळेत बाईंना कळवून ठेवा.

आणि तुम्ही. विसरणं, एकच ओळ तीनदा वाचणं हे या काळात नेहमीचं आहे. लक्ष आणि झोप दोन्ही आधी ढासळतात. म्हणून सध्या डोक्यावर भरवसा ठेवू नका. एकच वही, सकाळी त्यात तीनच कामं. शेगडीवर काही ठेवलं की टायमर लावल्याशिवाय स्वयंपाकघराबाहेर पडायचं नाही. खूप रडून झाल्यावर लगेच गाडी चालवायची नाही. झोप लागली नाही तरी उठायची वेळ तीच ठेवा, आणि वीस मिनिटं नुसतं तळमळत असाल तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा.

हसण्याचा अपराध मनातून काढा. नेदरलँड्समधले संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की सावरणारं माणूस दुःखात बुडणं आणि रोजच्या जगण्यात रमणं या दोन्हींमध्ये सतत ये-जा करतं, आणि ही ये-जा म्हणजेच सावरणं. सतत एकाच बाजूला अडकून पडलं तर काळजी करायची. सहा महिन्यांनंतरही ओढ जवळजवळ रोज तितकीच तीव्र असेल, काम, खाणं, नाती त्यामुळे ठप्प असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणतात आणि त्यावर खास उपचारपद्धती आहे, समुपदेशकाला दाखवा. जगण्यात अर्थ नाही, तिच्याकडे जावंसं वाटतं असे विचार तुमच्या किंवा आजोबांच्या बोलण्यात आले, तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. त्या रात्री त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही आणि औषधांचा डबा कुलपात ठेवायचा.

पुढचे काही महिने कॅलेंडरवर बघून ठेवा: तिचा वाढदिवस, आजोबांच्या लग्नाचा वाढदिवस, ती पहिल्यांदा अंथरुणाला खिळली तो महिना. त्या दिवसापेक्षा आधीचे तीन-चार दिवस जास्त जड जातात, म्हणून त्या दिवसांत मोठी कामं, पाहुणे, प्रवास ठेवू नका. त्या दिवशी कोण घरी असेल आणि काय करायचं, हे आठवडाभर आधी आजोबांना विचारून ठरवा. काहीच करायचं नाही असं ते म्हणाले तर तेही चालेल, फक्त कोणीतरी सोबत असावं. गूगल फोटोजमध्ये जुन्या आठवणी अचानक समोर येतात. सेटिंगमध्ये जाऊन ठरावीक व्यक्ती आणि तारखा लपवता येतात, आणि तयारी झाली की त्या पुन्हा सुरूही करता येतात. आईचा फोनही तेवढा करून द्या, तिला ती सेटिंग सापडणार नाही.